खाद्यसमीक्षकाने ओळख लपवावी का?

वाचकाच्या ताटात जे वाढले जाणार आहे, तेच समीक्षकाच्या ताटात वाढले गेले होते का? उपाहारगृहाच्या परीक्षणाची सारी विश्वासार्हता या एका प्रश्नावर उभी असते. पुस्तकाच्या समीक्षकासाठी प्रकाशक निराळी प्रत छापत नाही, की चित्रपटाच्या समीक्षकासाठी वेगळी आवृत्ती पडद्यावर येत नाही. उपाहारगृहात मात्र प्रत्येक ताट त्या त्या गिऱ्हाइकासाठी नव्याने भरले जाते, आणि समोर कोण बसले आहे हे कळले की वाढणाऱ्याचा हात सैल होतो. समीक्षकाने आपली ओळख गुप्त ठेवावी, हा दंडक यातूनच जन्माला आला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या अनेक नामवंत समीक्षकांनी तो सोडून दिला आहे. तो मुळात कशासाठी होता आणि त्यातले आज काय राखण्याजोगे आहे, हे गोव्यासारख्या राज्यातील वाचकानेही समजून घेण्यासारखे आहे.

पायंडा कसा पडला

निनावी परीक्षणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रान्समधील मिशेलिन मार्गदर्शिका. टायर बनवणाऱ्या मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारचालकांसाठी ही पुस्तिका काढली आणि सुरुवातीला ती फुकट वाटली. १९२६ मध्ये उत्तम भोजनासाठी तारा देण्यास प्रारंभ झाला, १९३१ मध्ये एक, दोन आणि तीन ताऱ्यांची श्रेणी आली, आणि १९३६ मध्ये त्यामागचे निकष प्रसिद्ध झाले. मिशेलिनचे निरीक्षक कंपनीचे पगारदार असतात. ते सामान्य गिऱ्हाइकासारखे जाऊन जेवतात, बिल चुकते करतात आणि त्यांची नावे कोठेही छापली जात नाहीत.

वृत्तपत्रांच्या क्षेत्रात ही शिस्त रुजवण्याचे श्रेय ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे क्रेग क्लेबोर्न यांना दिले जाते. १९५७ मध्ये ते त्या पत्राचे खाद्यविभाग संपादक झाले आणि १९६०च्या दशकात त्यांनी परीक्षणांना ताऱ्यांची जोड दिली. समीक्षकाने एकाच भेटीवर मत बनवू नये, आपण कोण हे सांगू नये आणि बिल वृत्तपत्राने भरावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच पत्रातील मिमी शेरेटन यांनी पुढे टोप घालून वेषांतर करण्यापर्यंत मजल मारली. जाहिरातदाराच्या पंगतीला बसून स्तुती लिहिण्याची रीत जुनीच होती. तिच्यापासून परीक्षण वेगळे काढणे हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता.

एकाच उपाहारगृहाचे दोन चेहरे

ओळख लपवण्याने काय हाती लागते, याचा सर्वांत बोलका पुरावा १९९३ सालचा आहे. रूथ रायशल तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षक म्हणून रुजू होत होत्या. विमानात शेजारी बसलेल्या स्त्रीने त्यांना ओळखले. ती स्त्री स्वतः एका उपाहारगृहात काम करत होती, आणि रायशल यांचे छायाचित्र न्यूयॉर्कच्या मुदपाकखान्यांत आधीच लागले आहे, हे तिनेच सांगितले. मग रायशल यांनी टोप, जुने कपडे आणि बदललेली चालढाल यांच्या आधारे निरनिराळी रूपे उभी केली.

अशाच वेषात त्या ‘ल सिर्क’ या श्रीमंतांच्या आवडत्या उपाहारगृहात गेल्या. सामान्य दिसणाऱ्या त्या बाईला ताटकळत ठेवले गेले, गैरसोयीची जागा दिली गेली आणि तिच्या हातातील मद्यसूचीसुद्धा वेटरने काढून नेली. पुढे त्याच उपाहारगृहात त्यांना समीक्षक म्हणून ओळखले गेले, तेव्हा मालकाने जातीने स्वागत केले. स्पेनचे राजे बारमध्ये थांबले असले तरी तुमचे टेबल तयार आहे, असे त्याने ऐकवले. रायशल यांनी दोन्ही अनुभव शेजारी शेजारी छापले आणि चार तारे असलेल्या त्या उपाहारगृहाला तीनच दिले. ज्या वाचकाला कोणी ओळखत नाही, त्याला तिथे काय वाट्याला येईल, हे या परीक्षणाने दाखवून दिले.

ओळखल्याने नेमके काय बदलते?

या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघराच्या व्यवहारातच आहे. दुपारी एक वाजता समीक्षक दारात दिसला म्हणून आचाऱ्याला नवे कसब सुचत नाही. सकाळी वाटलेले वाटण, बाजारातून आणलेला मासा, शिजवून ठेवलेले हुमण हे सारे तोवर ठरून गेलेले असते. ओळख गुप्त ठेवण्याची गरज नाही असे म्हणणाऱ्यांचा हा मुख्य आधार आहे, आणि तो बव्हंशी खरा आहे.

पण मासा तोच असला तरी तुकडा तोच असेलच असे नाही. इसवणाचा जाड मधला तुकडा वाढायचा की शेपटीकडचा, तळण आताच तव्यावरून उतरलेले द्यायचे की मघाचे, सोलकढीची वाटी दुसऱ्यांदा भरायची की नाही, टेबल पंख्याखालचे द्यायचे की मोरीशेजारचे, या गोष्टी वाढणाऱ्याच्या हातात असतात. वेळ आणि अगत्य तर पूर्णपणे माणसावर अवलंबून. थोडक्यात, पदार्थाची पाककृती समीक्षकाला ओळखल्याने बदलत नाही. वाटणी आणि वागणूक बदलते. चोखंदळ समीक्षक म्हणूनच स्वतःच्या ताटाइतकेच शेजारच्या टेबलांकडे लक्ष ठेवतो.

निनावीपणाची दुसरी बाजू

समीक्षक अज्ञात असला की तो प्रामाणिक असतोच, असे समजण्याचे मात्र कारण नाही. मिशेलिनचे माजी निरीक्षक पास्काल रेमी यांनी २००४ मध्ये पुस्तक लिहून निरीक्षकांची संख्या लोकांना वाटते त्याहून फारच कमी आहे आणि प्रत्येक ठिकाणी दरवर्षी भेट होत नाही, असा दावा केला. कंपनीने तो नाकारला. पण पडद्याआड चालणाऱ्या कामाची शहानिशा बाहेरच्याने कशी करावी, हा प्रश्न उरलाच.

२०१९ मध्ये फ्रेंच आचारी मार्क वेरा यांचा तिसरा तारा गेला. आपल्या सूफ्लेमध्ये चेडर चीज वापरल्याचा निरीक्षकाचा गैरसमज झाला, अशी त्यांची तक्रार होती. निर्णयामागची कागदपत्रे मिळावीत म्हणून ते न्यायालयात गेले; वर्षअखेरीस न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. ज्याच्या शब्दावर एखाद्याचा धंदा तरतो किंवा बुडतो, त्याने आपल्या निर्णयाचा जाब द्यावा की नाही, हा या वादाचा गाभा. वृत्तपत्रातील समीक्षक निदान आपल्या नावाने लिहितो आणि टीकेला उत्तर देण्यास बांधलेला असतो.

आणि सर्वस्वी निनावी मत किती पोकळ असू शकते, हे लंडनमध्ये २०१७ साली दिसले. ऊबा बटलर या तरुण लेखकाने आपल्या अंगणातील खोपटाला उपाहारगृह म्हणून ट्रिपॲडव्हायझर या संकेतस्थळावर नोंदवले आणि ओळखीच्यांकडून बनावट अभिप्राय लिहवून घेतले. काही महिन्यांत, एकही ताट न वाढता, ते लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले.

मुखवटा का उतरला

चेहरा लपवणे आता जवळपास अशक्य झाले आहे. प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि एक छायाचित्र क्षणात शहरभर पोहोचते. डिसेंबर २०१० मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्समध्ये एका उपाहारगृहाच्या मालकाने ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या समीक्षक आयरीन व्हिरबिला यांना ओळखले, त्यांचे छायाचित्र काढून इंटरनेटवर टाकले आणि जेवू न घालताच परत पाठवले. अनेक वर्षे जपलेली गुप्तता एका संध्याकाळी संपली.

त्याच शहरातील जोनाथन गोल्ड यांना २००७ मध्ये समीक्षेचे पुलित्झर मिळाले होते. खाद्यसमीक्षकाला ते पहिल्यांदाच मिळत होते. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी आपली गुप्तता जाहीरपणे सोडली. मोठ्या उपाहारगृहांना समीक्षक कसा दिसतो हे ठाऊकच असते, मग हे नाटक कशाला, असा त्यांचा रोख होता. २०२५ मध्ये तर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नेमलेल्या दोन्ही प्रमुख समीक्षक, तेजल राव आणि लिगाया मिशान, उघड्या चेहऱ्यानेच वाचकांसमोर आल्या. ब्रिटनमध्ये हा दंडक कधी फारसा नव्हताच. जे रेनर आणि जाइल्स कोरेन हे समीक्षक तेथे दूरचित्रवाणीवरूनही घरोघरी पोहोचलेले आहेत.

गोल्ड यांच्या म्हणण्यात एक सूक्ष्म मुद्दा दडलेला आहे. ज्यांच्याकडे जनसंपर्काची यंत्रणा आहे, अशी बडी उपाहारगृहे समीक्षकाला ओळखतात. लहान खानावळ ओळखत नाही. म्हणजे अर्धवट गुप्ततेचा लाभ आपोआप मोठ्यांनाच मिळतो.

आपल्याकडचे चित्र

मराठीत खाण्यावरचे लेखन समृद्ध आहे. दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ किंवा पु. ल. देशपांडे यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख वाचकांच्या आठवणीत आहे. पण हे रसिकाचे लेखन. दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या वतीने केलेले परीक्षण नव्हे. मुंबईत ‘बिझीबी’ या टोपणनावाने लिहिणारे बेहराम कॉन्ट्रॅक्टर उपाहारगृहांविषयीही लिहीत, आणि टोपणनावामागे कोण आहे हे साऱ्या शहराला माहीत होते. त्याच शहरातील काही इंग्रजी पत्रांनी पुढे, आमचा परीक्षक ओळख न देता जेवला आणि त्याने बिल भरले, अशी टीप परीक्षणाखाली छापण्याचा चांगला रिवाज पाळला.

आज लोक कोठे जेवायचे हे बहुतांशी मोबाइलवरील चित्रफिती पाहून ठरवतात. त्यात दिसणारे ताट फुकटचे होते की विकतचे, हे कळायला मार्ग नसतो. यावर काही नियम आले आहेत. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, तर केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये, पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सेवा घेतली असल्यास तसे स्पष्ट सांगावे, असे निर्देश दिले. फसव्या जाहिरातीसाठी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. या सगळ्याचा भर समीक्षकाचा चेहरा झाकण्यावर नाही, त्याचे हितसंबंध उघड करण्यावर आहे.

लहान राज्यातील अडचण

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख. पणजी, म्हापसा किंवा मडगावात पत्रकाराने तोंड लपवून जेवायला जावे, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. गल्ल्यावर बसलेला माणूस कोणाचा तरी वर्गमित्र किंवा भावकीतला निघतो. अडचण त्याने ओळखण्याची नाही. पुढे येणाऱ्या ‘पैसे राहू द्या हो’ या चार शब्दांची आहे. खाल्ल्या मिठाला जागावे ही आपल्याकडची शिकवण आहे, आणि समीक्षकाला तर ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविषयीच लिहायचे असते. म्हणून त्याने ते मीठ विकतच घेतले पाहिजे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात; ती मोडण्याचा सर्वांत सभ्य उपाय म्हणजे बिल मागून घेणे.

चेहरा झाकता येत नसला, तरी भेटीची वर्दी न देणे शक्य असते. टेबल दुसऱ्याच्या नावाने आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून राखता येते. आपल्याआधी दहा मिनिटे सोबत्याला वेगळ्या टेबलावर बसवून, त्याला काय वाढले ते ताडून पाहता येते. आणि पुन्हा जाणे तर गोव्यात अपरिहार्यच आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ज्या ठिकाणी बाहेरून आलेला किंवा बर्फातला मासा ताटात पडतो, तिथेच नोव्हेंबरात ताजी फडफडीत इसवण मिळते. एका भेटीवरून दिलेला निवाडा दोन्ही ऋतूंतील गिऱ्हाइकाला फसवू शकतो.

या साऱ्याला पैसे लागतात. दोन-तीन भेटी, दोन-तीन माणसे यांचा खर्च लेखाच्या मानधनाहून सहज जास्त होतो, आणि लहान वृत्तपत्राला तो झेपत नाही. त्यावर उपाय म्हणजे परीक्षणे कमी लिहावीत. उपाहारगृहाच्या निमंत्रणावरून गेल्यास, तो लेख माहितीपर आहे असे सांगून छापावा. त्याला परीक्षण म्हणू नये. नाहीतर निमंत्रणाची मेजवानी देऊ शकणारे रिसॉर्ट दर आठवड्याला झळकते, आणि पहाटे बाजारात जाऊन स्वतः मासे निवडणारी खानावळवाली बाई वाचकापर्यंत पोहोचतच नाही. नुकसान तिचेही होते आणि वाचकाचेही.

वाचकाने काय पाहावे

परीक्षण वाचताना लेखकाचा चेहरा परिचित आहे की अपरिचित, याला आता दुय्यम महत्त्व द्यावे. त्याऐवजी चार गोष्टी शोधाव्यात. जेवणाचे पैसे कोणी दिले? भेट न कळवता झाली होती का? लेखक किती वेळा आणि कोणत्या दिवसांत गेला? तिथे कोणी ओळखले असल्यास ते त्याने लिहिले आहे का? रायशल यांचे ते परीक्षण आजही आठवले जाते, कारण आपल्याला केव्हा ओळखले गेले आणि केव्हा नाही, हे त्यांनी वाचकापासून लपवले नाही. वेषांतर प्रत्येकाला जमणार नाही. ही चार उत्तरे लेखाखाली दोन ओळींत छापणे मात्र कोणत्याही वृत्तपत्राला जमण्यासारखे आहे.