बडतर्फीनंतरचं दार

फौजेतून घरी परतणाऱ्या माणसाजवळ ट्रंक असते, बिस्तरा असतो आणि एक दाखला असतो. १९५० च्या आर्मी ॲक्टचं २३ वं कलम सांगतं की माणूस मुदत संपवून निवृत्त झालेला असो, काढून टाकलेला असो की बडतर्फ केलेला, जवानाला आणि जेसीओला (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरला) त्याच्या कमांडिंग ऑफिसरने दाखला द्यायचाच. सेवा कुणाच्या अधिकाराने संपली, कशामुळे संपली आणि एकूण नोकरी किती झाली, हे त्यात लिहायचं. तेही जवानाच्या मातृभाषेत, आणि शिवाय इंग्रजीत. म्हणजे खालापूर तालुक्यातल्या फौजीला आपली नोकरी का गेली हे मराठीत वाचायला मिळावं, अशी तजवीज संसदेने तेव्हाच करून ठेवली. त्या कारणाविरुद्ध दाद कुठे मागायची, याचं धड उत्तर मिळायला मात्र पुढची जवळपास साठ वर्षं गेली.

मोहोपाड्यासारख्या गावात या दाखल्याचं मोल लगेच कळतं. दांड फाट्यावरून आत वळलं की रसायनीचा पट्टा लागतो. रासायनिक कारखाने, पलीकडे पाताळगंगेची एमआयडीसी. फौजेतून चाळिशीच्या आत-बाहेर सुटलेल्या माणसाला इथे दुसरी नोकरी मिळते ती बहुधा कारखान्याच्या गेटवर, आणि गेटवर पहिल्यांदा मागितलं जातं ते डिस्चार्ज बुक. त्यात ‘कॅरेक्टर’पुढे ‘एक्झेम्प्लरी’ किंवा ‘व्हेरी गुड’ असलं की बोलणं पगारावर येतं. बडतर्फ लिहिलेलं असलं की तिथेच संपतं. पेन्शन नाही, म्हणून माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड नाही, कँटीन नाही. सरकारी भरतीत माजी सैनिकांसाठी राखीव जागा असतात, पण नियमाच्या व्याख्येत तो माजी सैनिकच ठरत नाही. १९६१ च्या पेन्शन रेग्युलेशन्समधला ११३ वा नियम तर सरळ होता: आर्मी ॲक्टखाली बडतर्फ झालेल्याची मागची सगळी नोकरी पेन्शनसाठी शून्य. चौदा वर्षं असोत की एकोणीस. अपवाद करायचा अधिकार फक्त राष्ट्रपतींना होता. त्याच माणसाला त्याच तारखेला डिस्चार्ज दिला असता आणि पंधरा वर्षं पुरी असती, तर पेन्शन सुरू झाली असती.

हे होतं कसं, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. कोकणातल्या फौजी घरांत मात्र ठाऊक असतं. जवान रजेवर येतो. भातलावणी खोळंबलेली असते, आई आजारी असते, भावाभावांत जमिनीचं भांडण पेटलेलं असतं. रजा संपते, तो चार दिवस उशिरा पोचतो, पेशी होते, शिक्षा होते आणि ती शिक्षा त्याच्या कंडक्ट शीटवर लाल शाईने चढते. अशा चार ‘रेड इंक’ झाल्या की युनिटमध्ये कुजबुज सुरू होते, आता याला घरी पाठवणार. उशीर लांबला तर तीस दिवसांनंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तो फरारी ठरतो. त्याला पकडण्यासाठी अप्रिहेन्शन रोल निघतो, पोलीस घरी येऊन विचारपूस करतात आणि सगळ्या गावाला कळतं. पुढे समरी कोर्ट मार्शल. त्यात न्यायाधीश एकच, त्याच युनिटचा कमांडिंग ऑफिसर. आणखी दोघे हजर असतात, पण निकालात त्यांचं मत धरलं जात नाही. हा एक अधिकारी एका वर्षापर्यंत कैद देऊ शकतो आणि बडतर्फही करू शकतो.

शिस्तीवाचून फौज चालत नाही, हे कुणी फौजीच आधी सांगेल. शंभर माणसं रजेवरून वेळेवर परततात म्हणून पुढच्या शंभरांना रजा मिळते. प्रश्न एवढाच की शिक्षा देणारा चुकला तर?

मुंबईने या प्रश्नाचं सगळ्यात मोठं रूप १९४६ च्या फेब्रुवारीत पाहिलं. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात १८ तारखेला खलाशांनी जेवणावर आणि कामावर बहिष्कार टाकला. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या हे तात्कालिक कारण. बी. सी. दत्त या खलाशाला भिंतींवर ‘भारत छोडो’ आणि ‘जय हिंद’ लिहिल्यावरून आधीच अटक झाली होती. हां हां म्हणता संप अठ्ठ्याहत्तर जहाजांवर आणि वीस किनारी तळांवर पोचला, सुमारे वीस हजार खलाशी त्यात उतरले. २२ तारखेला मुंबईचे कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं गेली. परळला कमल दोंदे यांना गोळी लागून मृत्यू आला. २३ तारखेला, सूड उगवला जाणार नाही या आश्वासनावर खलाशांनी शरणागती पत्करली. आश्वासन पाळलं गेलं नाही. कित्येकांना मुलुंडच्या छावणीत डांबलं आणि चारशे शहात्तर जणांना नौदलातून काढून टाकलं.

दीड वर्षात देश स्वतंत्र झाला. ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. ज्या किनाऱ्यावरून पिढ्यानपिढ्या या आरमाराला खलाशी मिळाले, त्या कोकणाजवळ त्यांच्यासाठी अर्ज करायला एक टेबलही नव्हतं. पुढे स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाच्या योजनेत नाविकांच्या उठावाला जागा मिळाली, मुंबईत त्यांचं स्मारक उभं राहिलं. हा गौरव त्यांना राजकीय कृतज्ञतेतून मिळाला. त्यांच्या सेवापुस्तकातली नोंद चूक होती की बरोबर, हे कुठल्या न्यायपीठाने तपासलंच नाही. स्वातंत्र्यानंतर आलेल्या घटनेनेही सैन्याच्या न्यायालयांना बाजूला ठेवलं: १३६ (२) कलमाने कोर्ट मार्शलच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात खास अपील बंद, २२७ (४) कलमाने उच्च न्यायालयांची देखरेख बंद. उरला तो रिट अर्जाचा मार्ग. त्यात कोर्ट कायद्याची पायरी चुकली का एवढं पाहणार, पुराव्यात हात घालणार नाही. मुंबईला वकील लावायचा, तारखांना जायचं, आणि तेवढ्यावर समाधान मानायचं.

या बंद घरात पहिली फट पाडली ती १९८२ च्या लेफ्टनंट कर्नल पृथी पालसिंग बेदी खटल्याने. निकाल सरकारच्या बाजूचाच होता, पण कोर्ट मार्शलच्या शिक्षेवर साधं अपीलसुद्धा नसावं, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट खंत नोंदवली. पाच वर्षांनी रणजित ठाकूर या सिग्नलमनचं प्रकरण आलं, आणि माझ्या मते ते प्रत्येक फौजी घरात माहीत असायला हवं. वरिष्ठांकडे परस्पर तक्रार पाठवली म्हणून त्याला अठ्ठावीस दिवसांची सक्तमजुरी झाली होती. ती भोगत असताना ‘जेवण जेव’ हा हुकूम त्याने पाळला नाही, असा आरोप आला. समरी कोर्ट मार्शल बसलं. एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली होती तो अधिकारीच त्या कोर्टात बसलेला. १९८७ मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्यांनी निकाल लिहिला: पक्षपाताची रास्त भीती असेल तर ते कोर्टच नव्हे, आणि गुन्ह्याच्या मानाने ही शिक्षा मनाला धक्का देणारी आहे. ठाकूर यांना सगळ्या लाभांसह परत घेण्याचा आदेश झाला. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी, हे तत्त्व भारताच्या प्रशासकीय कायद्यात रुजलं त्यात एका जवानाने नाकारलेल्या जेवणाचा वाटा आहे.

मग काम सरकारी गतीने चाललं. १९९९ मध्ये कायदा आयोगाने आपल्या १६९ व्या अहवालात लष्करासाठी वेगळ्या न्यायाधिकरणाची शिफारस केली. २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला. ८ ऑगस्ट २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते दिल्लीत त्याचं उद्घाटन झालं आणि पुढे विभागीय पीठं सुरू झाली. मुंबईच्या पीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा आले. फौजी त्याला ‘एएफटी’च म्हणतात. पीठावर एक न्यायिक सदस्य बसतो, उच्च न्यायालयाचा माजी न्यायमूर्ती, आणि दुसरा प्रशासकीय सदस्य, बहुधा निवृत्त जनरल किंवा ॲडमिरल. ही जोडी मला महत्त्वाची वाटते. बर्फातल्या चौकीवर तीन महिने काढलेल्या माणसाला रजा म्हणजे काय, हे त्या दोघांपैकी एकाला सांगावं लागत नाही.

अधिकारही मोठे मिळाले. समरी कोर्ट मार्शलची किरकोळ शिक्षा न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाही, पण बडतर्फी किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झाली की येते. १५ व्या कलमाखाली पीठ पुरावा पुन्हा पाहू शकतं, निष्कर्ष बदलू शकतं, शिक्षा कमी करू शकतं. इथेच त्या दाखल्यावरचं कारण बदलण्याची वाट निघाली. पंधरा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या जवानाची बडतर्फी काढून तिच्या जागी डिस्चार्ज धरायचा आणि पेन्शन सुरू करायची, असे आदेश वेगवेगळ्या पीठांनी दिले. आरोप पुसला जात नाही, बाकीची शिक्षा राहते, पण घरातल्या माणसांचं पोट त्या शिक्षेतून सुटतं.

लाल शाईचा प्रश्न २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लष्करी मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र होतं, त्यात अशा डिस्चार्जआधी प्राथमिक चौकशी करायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात चार एंट्री मोजल्या की माणूस घरी, असा शिरस्ता पडला होता. कोर्टाने म्हटलं, नुसती मोजणी चालणार नाही. निःपक्षपाती चौकशी हवी, जवानाने किती वर्षं दिली, किती कठीण ठिकाणी दिली, हे बघायला हवं. दुबे पेन्शनपुरती वर्षं भरेपर्यंत नोकरीत होते असं धरण्यात आलं. मागचा पगार नाही, पण पेन्शन मिळाली. त्यानंतर रेड इंकवरून निघालेल्या डिस्चार्जच्या अर्जांत या निकालाचा आधार घेतला जातो.

अमेरिकेत या कामाची वाट निराळी आहे. तिथे १९४४ च्या जीआय बिलापासून डिस्चार्ज पुन्हा तपासणारी मंडळं आहेत, पंधरा वर्षांच्या आत ठरावीक फॉर्म भरून अर्ज करता येतो. १९०६ मध्ये टेक्सासच्या ब्राउन्सव्हिलमधल्या गोळीबारावरून थिओडोर रूझवेल्टने १६७ काळ्या सैनिकांना खटल्याशिवाय काढलं होतं, त्यांना १९७२ मध्ये सन्मानाचा डिस्चार्ज मिळाला. तोवर त्यातले बहुतेक सगळे गेले होते. आपल्याकडे असं मंडळ नाही. आधी वरिष्ठांकडे रीतसर तक्रार किंवा कोर्ट मार्शलविरुद्धचा अर्ज, सहा महिने उत्तराची वाट, आणि मग पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरण. उशीर झाला तर तो माफ करण्याचा अधिकार पीठाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. पेन्शन न मिळणं ही चालू राहणारी हानी असल्याने तो दावा उशीर झाला म्हणून सहसा मरत नाही, मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालामुळे थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. गप्प बसून काढलेली बाकीची वर्षं बुडाली.

आता या संस्थेची दुखणी सांगायला हवीत. पहिलं, रिकाम्या खुर्च्या. सदस्य निवृत्त होतात आणि नेमणुका लांबतात. २०१९ च्या सुमारास देशातल्या सतरांपैकी बहुतेक पीठं सदस्यांअभावी बसतच नव्हती. मुंबईला मुळात एकच पीठ, तिथे एक खुर्ची रिकामी झाली की तीन राज्यांच्या तारखा पुढे सरकतात. दुसरं, न्यायाधिकरण संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत, आणि त्याच्यापुढच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात प्रतिवादी तेच मंत्रालय. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते कायदा मंत्रालयाकडे द्या असं सांगितलं होतं. आपला पगार, गाडी, इमारत ज्याच्याकडून येते त्याच्याविरुद्ध निकाल देणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण बडतर्फ जवानाच्या मनात शंका आली तर तिला चूक म्हणता येत नाही. तिसरं, निकाल लागूनही पैसे येत नाहीत, रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं पेन्शन कार्यालय यांच्यात फाइल फिरत राहते आणि त्याच निकालासाठी पुन्हा अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो.

मध्ये आठ वर्षं आणखी एक भिंत होती. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करू नये, थेट सर्वोच्च न्यायालयात यावं, तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असेल तरच. सातशे रुपयांच्या फरकासाठी झगडणाऱ्या शिपायाला दिल्ली गाठायला सांगणं म्हणजे त्याला घरी बस सांगणं होतं. २१ मार्च २०२३ च्या परशोतम दास निकालाने ही भिंत पडली. आता मुंबई उच्च न्यायालयाचं दार पुन्हा उघडं आहे.

मोहोपाड्याहून मुंबई तशी जवळ, पनवेलला एसटी आणि तिथून लोकल. महाडजवळच्या फौजी आंबवड्याहून, साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या फौजी गावांतून निघणाऱ्याला तारखेचा एक दिवस म्हणजे दोन रात्री. चंडीगडच्या पीठाने सिमल्याला आणि लखनौच्या पीठाने नैनितालला बैठका घेतल्या आहेत. मुंबईच्या पीठाने वर्षातून काही आठवडे साताऱ्यात आणि कोल्हापुरात बसावं, कायदा त्याच्या आड येत नाही. तोवर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एवढं तरी करता येईल: बडतर्फ झालेला माणूस माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही म्हणून त्याला परत न पाठवता त्याचा २३ व्या कलमाखालचा दाखला, कंडक्ट शीटची प्रत आणि समरी कोर्ट मार्शलचे कागद रेकॉर्ड ऑफिसकडून मागवून द्यायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पत्ता माहीत असलेल्या कारकुनाला हे एका पत्राचं काम आहे, आणि त्या कागदांवाचून कुठलाच वकील अर्ज लिहू शकत नाही.