विश्वस्ताचा हिशेब

अलीकडे कारखान्यांतून एक नवा प्रघात पडला आहे. वर्षातून एकदोनदा पाळी संपल्यावर कामगारांना कॅन्टीनमध्ये बसवितात आणि बाहेरून बोलाविलेले एखादे विद्वान गृहस्थ गीतेतील कर्मयोग व आधुनिक व्यवस्थापन या विषयावर व्याख्यान देतात. अशा एका व्याख्यानास काही वर्षांपूर्वी आम्ही हजर होतो. वक्ते रसाळ होते. फळाची आशा न धरता काम करीत राहावे, असे त्यांनी कामगारांना तासभर समजावून सांगितले. त्या वेळी त्या कारखान्यातील वेतनकराराची मुदत संपून दीड वर्ष उलटले होते. व्याख्यान संपताच मागच्या बाकावरील एक वयस्क फिटर उभा राहिला आणि त्याने विचारले, "साहेब, हेच व्याख्यान वरच्या मजल्यावर केव्हा आहे?" सभा हसली. वक्तेही हसले. उत्तर मात्र मिळाले नाही.

आम्हीही हसलो आणि पुढे कित्येक सभांतून तो किस्सा सांगून टाळ्या घेतल्या. मागाहून वाटू लागले की, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हे. आपल्या परंपरेतील तत्त्वे उद्योगधंद्यास लागू करावीत की नाही, याबद्दल आमचा वाद नाही. ती कोणास लागू करावयाची, आणि ती पाळली गेली की नाही याचा हिशेब कोणी घ्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे. तो पुस्तकातून सुटण्यासारखा नसला तरी इतिहासात त्याचा एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. अहमदाबादच्या १९१८ सालच्या गिरणीलढ्याची ती हकीगत आज आपणापुढे मांडावयाची आहे.

अहमदाबाद हे फार पूर्वीपासून महाजनांचे शहर. महाजन म्हणजे एकेका धंद्यातील व्यापाऱ्यांची संस्था. धंद्याचे नियम, सुट्ट्यांचे दिवस, आपसांतील तंटे हे सारे महाजन पाही, आणि नियम मोडणाऱ्यास दंड वा बहिष्कार सोसावा लागे. अशा शहरात रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ साली पहिली कापडगिरणी चालू केली. पुढे गिरण्या वाढल्या, परंतु मालकांची जशी संस्था होती तशी मजुरांची नव्हती.

१९१७ साली शहरात प्लेगची साथ आली. मजूर गाव सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीवाल्यांनी प्लेग-बोनस सुरू केला. काही ठिकाणी तो पगाराच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत होता. साथ ओसरताच मालकांनी तो बंद करण्याचे ठरविले. महायुद्धाच्या दिवसांत महागाई तर भडकलेलीच होती. विणकरांनी ५० टक्के वाढ मागितली, मालक २० टक्के देऊ म्हणाले. गांधींनी मुंबईचे पगार, बाजारभाव व गिरण्यांची परिस्थिती पाहून ३५ टक्के हा आकडा न्याय्य ठरविला, आणि मजुरांना आपली मागणी तेवढ्यावर आणावयास लावली. परंपरेचे नाव घेण्याआधी त्यांनी आकडेमोड केली, ही गोष्ट आम्हास फार महत्त्वाची वाटते. ज्यास धर्म म्हणावयाचे तो किती टक्क्यांचा, हे त्यांनी आधी ठरविले.

२२ फेब्रुवारी १९१८ रोजी मालकांनी टाळेबंदी पुकारली. मालकांच्या बाजूस प्रमुख होते अंबालाल साराभाई, आणि मजुरांच्या बाजूस त्यांच्याच सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरे. ३५ टक्के मिळाल्याविना कामावर जावयाचे नाही आणि दंगाधोपा करावयाचा नाही, अशी मजुरांनी प्रतिज्ञा केली होती. 'एक टेक' अशी अक्षरे असलेले निशाण घेऊन ते शहरातून शांतपणे फिरत. उपाशी मजुरांनी भिक्षेवर लढू नये म्हणून आश्रमाच्या बांधकामावर वाळू वाहण्याचे काम त्यांना देण्यात आले.

१२ मार्चला मालकांनी २० टक्के पत्करणाऱ्यांसाठी दरवाजे उघडले आणि निश्चय डळमळू लागला. त्या सुमारास छगनलाल गांधी मजुरांच्या एका चाळीत गेले असता त्यांना जे ऐकावे लागले, ते प्रत्येक पुढाऱ्याने कायम ध्यानात ठेवावे. गांधी आणि अनसूयाबेन मोटारीतून येतात-जातात, चांगलेचुंगले खातात, हाल मात्र आमचे होतात, अशा अर्थाचे ते बोल होते. मजुराने पुढाऱ्याकडे मागितलेला तो हिशेब होता. गांधींनी रागावून उत्तर दिले नाही. १५ मार्चला त्यांनी उपवास आरंभिला. या उपवासात दोष होता, हे त्यांनीच पुढे आत्मकथेत कबूल केले आहे. गिरणीमालकांशी त्यांचा स्नेह असल्याने मालकांवर नैतिक दडपण आले.

१८ मार्चला तडजोड झाली. मजुरांची प्रतिज्ञा राहावी म्हणून पहिल्या दिवशी ३५ टक्के, मालकांचा शब्द राहावा म्हणून दुसऱ्या दिवशी २० टक्के, आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निर्णय होईपर्यंत साडेसत्तावीस टक्के वाढ द्यावयाची, असे ठरले. लवाद नेमले गेले प्रा. आनंदशंकर ध्रुव. त्यांनी ऑगस्ट १९१८ मध्ये ३५ टक्क्यांचा निर्णय दिला.

यापुढचे पाऊल अधिक मोलाचे. २५ फेब्रुवारी १९२० रोजी मजुरांची कायम संघटना स्थापन झाली. तिचे नाव 'मजूर महाजन'. शेठजींनी आजवर स्वतःसाठी राखलेला शब्द मजुराने आपल्या नावास जोडला. परंपरा वापरावयाची ती अशी!

गांधींचा विश्वस्तवृत्तीचा विचारही नीट पाहिला पाहिजे. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव समजून सांभाळावी, हे त्याचे सार. अपरिग्रह हा शब्द त्यांना गीतेत सापडला. ईशोपनिषदाच्या पहिल्या मंत्राचा आधारही ते वारंवार घेत. परंतु 'विश्वस्त' या शब्दाचा अर्थ त्यांना स्नेलच्या कायद्याच्या पुस्तकाने उलगडला, असे ते स्वतःच सांगतात. कायद्यातील विश्वस्त म्हणजे नुसता सद्गृहस्थ नव्हे. ज्याच्या हितासाठी ठेव आहे तो त्याच्याकडे हिशेब मागू शकतो, आणि लबाडी ठरल्यास न्यायालय त्याला काढू शकते. हे कलम वगळले की विश्वस्ताचा पुन्हा मालकच होतो.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप नेमका येथेच होता. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधींवरील आपल्या ग्रंथात त्यांनी विश्वस्तवृत्तीची कल्पना साफ झिडकारली. त्याआधी, मुंबई सरकारच्या औद्योगिक कलहविषयक विधेयकाने संपाच्या हक्कास अटकाव होतो म्हणून त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप घडविला होता. आम्ही मुंबईच्या परंपरेत वाढलेले आहोत. हा आक्षेप आम्हास आजही बिनतोड वाटतो. ज्याच्या हाती संपाचे हत्यार नाही, त्याचा हिशेब कोण घेऊ देणार?

गांधींच्या सहकाऱ्यांना ही उणीव दिसली नव्हती असेही नाही. पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत या विषयाची चर्चा निघाली, आणि सुटकेनंतर प्रा. दांतवाला, किशोरलाल मश्रूवाला, नरहरी परीख आदींच्या हातून एक मसुदा तयार झाला. गांधींनी त्यात दुरुस्त्या केल्या, आणि तो 'हरिजन'मध्ये ऑक्टोबर १९५२ मध्ये छापला गेला. किमान निर्वाहवेतन ठरवावे, तशी कमाल उत्पन्नासही मर्यादा असावी, आणि मालकीचे नियमन कायद्यानेही करता यावे, असे त्यात स्पष्ट आहे. कर्मयोगावरील व्यवस्थापनवर्गांत हा मसुदा वाचून दाखविल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्या जुन्या ग्रंथांत केवळ निरिच्छतेचा उपदेश आहे, हा समजही अपुरा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वेतन न देणाऱ्या धन्यास दंड सांगितला आहे, तसा वेतन घेऊन काम न करणाऱ्या चाकरासही. आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी केली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, याचाही त्यांनी आधार घेतला. ती सुट्टी १८९० साली मिळाली. परंपरा वरच्या मजल्याचीच मिरास आहे, असे कोणी समजू नये.

अहमदाबादचा प्रयोग सर्वस्वी यशस्वी झाला असे आम्ही म्हणणार नाही. १९८० नंतर तेथील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, हजारो कामगार रस्त्यावर आले, आणि कोणाचीही विश्वस्तवृत्ती त्यांच्या कामी आली नाही. आज १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत असा कायदा आहे. चांगली गोष्ट आहे. परंतु केवळ स्वतःच्या नोकरांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही; तेव्हा या दोन टक्क्यांनी कारखान्यातील माणसाचे देणे फिटले, असे कोणी मानू नये.

शेवटी आमच्याविषयी. संघटनेची वर्गणी हीही ठेवच आहे. चाळीतल्या त्या मजुराचे बोल आम्हासही लागू आहेत. गेली काही वर्षे आम्ही आमच्या संघटनेचे वार्षिक जमाखर्चाचे पत्रक कारखान्याच्या फाटकावर लावतो, आणि कोणी त्यातील आकड्यावर बोट ठेवले की प्रथम राग येतो हेही कबूल करतो. तो गिळून उत्तर द्यावे लागते. वरच्या मजल्यावरील मंडळींनी एवढेच करावे. मग गीतेवरील व्याख्यान त्यांनी खुशाल ठेवावे. आम्ही सर्व कामगारांसह ऐकावयास येऊ, आणि तो फिटर या वेळी पुढच्या बाकावर बसेल.