जुन्या कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्याची निवड

जुना कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा ही संज्ञा साधारणतः १९९५ ते २०१० या काळात तयार झालेल्या, खिशात मावणाऱ्या आणि भिंग (लेन्स) बदलता न येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांसाठी वापरली जाते. २०२० नंतर विशेषतः तरुणांमध्ये अशा कॅमेऱ्यांविषयी पुन्हा आकर्षण निर्माण झाले. मात्र या कॅमेऱ्यांचे उत्पादन, सुटे भाग आणि कंपन्यांची दुरुस्ती सेवा बहुतांशी बंद झाली आहे. त्यामुळे खरेदीच्या वेळी एखाद्या मॉडेलच्या लौकिकापेक्षा हाती आलेल्या नगाची प्रत्यक्ष स्थिती, तसेच त्याला लागणारी बॅटरी व मेमरी कार्ड मिळण्याची शक्यता हे निकष अधिक महत्त्वाचे ठरतात.

इतिहास

या कॅमेऱ्यांचा गाभा असलेला सीसीडी हा प्रकाश-संवेदक (सेन्सर) १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधला. या कार्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी सीसीडी वापरून हातात धरता येणारा पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याची क्षमता ०.०१ मेगापिक्सेल होती आणि एक छायाचित्र कॅसेटवर नोंदण्यास २३ सेकंद लागत.

१९९५ मध्ये आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा होता. त्यामुळे काढलेले चित्र लगेच पाहण्याची सोय सामान्य ग्राहकाला मिळाली. २००० मध्ये कॅननने डिजिटल इक्सस ही लहान आकाराची मालिका सुरू केली. २०१० मध्ये जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने नोंदवलेली कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांची जागतिक पाठवणी १० कोटी नगांहून अधिक होती. त्यानंतर स्मार्टफोनमुळे ही बाजारपेठ वेगाने आकसली. याच सुमारास कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत सीसीडीऐवजी सीमॉस संवेदक रूढ झाला.

संवेदक, मेगापिक्सेल आणि रंग

सीसीडी संवेदकामुळेच जुन्या कॅमेऱ्यांचे रंग वेगळे दिसतात, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे संवेदक केवळ प्रकाशाची तीव्रता मोजतात. रंग हा संवेदकावरील रंगीत गाळण्या, भिंग आणि कॅमेऱ्यातील प्रक्रिया या सर्वांचा एकत्रित परिणाम असतो. त्यामुळे केवळ ‘सीसीडी’ या शब्दासाठी जादा किंमत देण्यापेक्षा त्या मॉडेलने काढलेली छायाचित्रे पाहणे उपयुक्त ठरते.

मेगापिक्सेलचा आकडाही दिशाभूल करू शकतो. ४ मेगापिक्सेलचे चित्र ७ × ५ इंचांच्या छपाईस पुरेसे असते. संवेदकाचा आकार अधिक महत्त्वाचा असतो. १/१.८ इंच वर्गातील संवेदकाचे क्षेत्रफळ १/२.५ इंच वर्गातील संवेदकाच्या सुमारे दीडपट असते आणि तो अधिक प्रकाश गोळा करतो. तरीही मंद प्रकाशातील छायाचित्रांत रवाळपणा येणे ही या सर्वच कॅमेऱ्यांची मर्यादा आहे.

मेमरी कार्ड आणि बॅटरी

२००६ मध्ये एसडीएचसी कार्डे आली. त्यांचा बाह्य आकार पूर्वीच्या एसडी कार्डासारखाच असला तरी त्यापूर्वीचे बहुतेक कॅमेरे ती ओळखत नाहीत. अशा कॅमेऱ्यांना २ जीबी किंवा त्याहून कमी क्षमतेचे साधे एसडी कार्ड लागते. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांच्या अनेक मॉडेलांत एक्सडी कार्ड, तर सोनीच्या मॉडेलांत मेमरी स्टिक वापरली जात असे. एक्सडी कार्डे आता नवीन तयार होत नसल्याने ती कॅमेऱ्यासोबतच मिळणे श्रेयस्कर असते.

कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेतील अनेक कॅमेरे ‘एए’ आकाराच्या सेलवर चालतात आणि असे सेल सर्वत्र मिळतात. मात्र स्वस्त झिंक-कार्बन सेल कॅमेऱ्याला लागणारा विद्युतप्रवाह पुरवू शकत नाहीत. त्यामुळे चांगला कॅमेराही बंद पडतो व नादुरुस्त भासतो. चाचणीसाठी अल्कलाइन अथवा पुन्हा भारित करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. विशिष्ट आकाराची लिथियम-आयन बॅटरी असल्यास ती आणि तिचा चार्जर उपलब्ध असल्याची खात्री आधी करावी. फुगलेली बॅटरी वापरू नये.

खरेदीपूर्व तपासणी

भिंग : कॅमेरा अनेकदा चालू-बंद करून आणि झूम पूर्ण पुढे-मागे करून पाहावा. घरघर, अडखळणे किंवा भिंगाविषयीचा त्रुटी-संदेश ही दंतचक्रे बिघडल्याची किंवा आत वाळू गेल्याची लक्षणे असू शकतात. ही दुरुस्ती अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीहून महाग पडते. विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून भिंग पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू दिसतात. कोकण, गोवा व मुंबईच्या दमट हवेत ठेवलेल्या कॅमेऱ्यांत ही शक्यता अधिक असते.

संवेदक : २००५ च्या अखेरीस सोनीनिर्मित काही सीसीडी उष्ण व दमट हवेत निकामी होतात, असे उघड झाले. कॅनन, निकॉन, फुजीफिल्म आदी कंपन्यांनी संबंधित मॉडेलांसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली. कॅननच्या पॉवरशॉट ए६०, ए७० व ए७५ यांचा त्यांत समावेश होता. पडद्यावर मेनू आणि जुनी छायाचित्रे व्यवस्थित दिसत असताना नवे चित्र मात्र काळे, जांभळट किंवा विस्कटलेले येणे, हे या दोषाचे लक्षण होय. याउलट, प्रखर दिव्याकडे रोखल्यास पडद्यावर उमटणारी उभी रेघ हा सीसीडीचा स्वाभाविक गुणधर्म असून तो बिघाड मानला जात नाही.

अन्य भाग : बॅटरीच्या कप्प्यातील गंज, फ्लॅश, सर्व बटणे आणि पडदा तपासावा. चाचणीची छायाचित्रे संगणकावर पूर्ण आकारात पाहावीत. पांढऱ्या भिंतीच्या चित्रात धुळीचे डाग, तर भिंग झाकून घेतलेल्या चित्रात सदोष पिक्सेल उठून दिसतात. दर वेळी तारीख पुसली जाणे हे बहुधा घड्याळाचा छोटा सेल संपल्याचे लक्षण असून ते गंभीर नसते.

नावांतील भिन्नता

एकच कॅमेरा निरनिराळ्या देशांत वेगळ्या नावाने विकला जात असे. कॅननची इक्सस मालिका उत्तर अमेरिकेत पॉवरशॉट एल्फ आणि जपानमध्ये इक्सी या नावाने ओळखली जाई. एखाद्या नावाची किंमत लोकप्रियतेमुळे वाढली असल्यास त्याच कॅमेऱ्याचे दुसरे नाव शोधणे फायद्याचे ठरते. जपानी बाजारासाठीच्या काही नगांत मेनूची भाषा केवळ जपानी असते, हे मात्र ध्यानात घ्यावे लागते.

सुरक्षितता आणि जतन

फ्लॅशच्या धारित्रात (कपॅसिटर) सुमारे ३०० व्होल्टचा विद्युतभार असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो. म्हणून प्रशिक्षणाशिवाय कॅमेरा उघडणे धोक्याचे असते. वापर नसताना सेल काढून, कॅमेरा सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवल्यास गंज व बुरशी यांपासून त्याचे बऱ्याच अंशी रक्षण होते.