धनुष्याच्या पोटात आग विझवायचा होज

घरामागच्या शेडमध्ये शनिवार-रविवार धनुष्यं बनवणारे लोक अमेरिकेत बरेच आहेत. त्यांच्या साच्याचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा धनुष्याकडे लक्षच गेलं नाही. साच्याच्या दोन जाड लाकडी भागांच्या मध्ये एक कापडी होज पडला होता. अग्निशमन दलाचा असतो ना, तोच. त्याची दोन्ही टोकं लोखंडी पट्ट्यांमध्ये चेपून बोल्ट मारलेले, आणि एका टोकाजवळ चक्क गाडीच्या टायरचा वॉल्व्ह! म्हटलं हा काय जुगाड आहे? मग शोधत बसलो आणि रविवार गेला.

आधी मूळ अडचण सांगतो. आजचं घरगुती धनुष्य एका लाकडाचं नसतं. लाकडाच्या पातळ पट्ट्या, वर-खाली काचतंतूची पट्टी, आणि मध्ये इपॉक्सी (आपलं अरॅल्डाइट त्याच कुळातलं, सिबा कंपनीने १९४६ मध्ये बाजारात आणलेलं). हा सगळा ओला, निसरडा सँडविच वळणदार साच्यावर दाबून ठेवायचा. दाब सगळीकडे सारखा हवा. एका जागी जास्त पडला तर तिथला गोंद पिळून बाहेर येतो, कमी पडला तर पोकळी राहते. आणि पोकळी राहिलेलं धनुष्य ताणताना तोंडापासून वीतभर अंतरावर फुटतं.

अडचण नवी नाही. तुर्की कारागीर शिंग, लाकूड आणि स्नायूतंतू चिकटवून धनुष्य करायचे, तेव्हा ते शिंग दोरीने करकचून आवळत. १९३०च्या दशकात अमेरिकेत काही शास्त्रज्ञ धनुष्याच्या नादी लागले. बेल लॅबमधला क्लॅरेन्स हिकमन, पदार्थवैज्ञानिक पॉल क्लॉपस्टेग वगैरे. दिवसा नोकरी, बाकी वेळ धनुष्य. (ओळखीचं वाटतंय?) त्यांनी बाणाचा वेग मोजला, पात्यात ताण कुठे किती येतो याची गणितं मांडली. मिशिगनमधल्या ग्रेलिंगला फ्रेड बेअरच्या कारखान्याने १९५०च्या दशकात काचतंतूची धनुष्यं घरोघरी पोचवली. घरी करणाऱ्यांकडे मात्र पर्याय दोनच होते. डझनावारी क्लॅम्प, नाहीतर टायरच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या गुंडाळणं. क्लॅम्प म्हणजे दाबाचे ठिपके. दोन ठिपक्यांच्या मध्ये काय होतंय ते देवाला माहीत.

होज घातला की हा प्रश्न संपतो. हवा सगळीकडे सारखंच दाबते, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय. होजला वळणाशी देणंघेणं नाही, साचा जिथे वळेल तिथे तोही वळतो. दाब किती, तर साधारण ६० पीएसआय, म्हणजे कारच्या टायरच्या दुप्पट. ऐकायला किरकोळ. पण पावणेदोन इंच रुंद आणि ६० इंच लांब पट्टी धरा. १०५ चौरस इंच गुणिले ६० म्हणजे ६३०० पौंड. पावणेतीन टनांच्या वर! चार-साडेचार मारुती ८०० एकमेकींवर ठेवल्यासारखं. त्यातून हा साचा तसाच गरम पेटीत ठेवतात, इपॉक्सी पक्कं व्हायला. २७ अंशांना भरलेली ६०ची हवा ८० अंशांना ७३च्या आसपास जाते. अकरावीतलं गणित आहे, पण पेटीचं दार लावताना आठवलं पाहिजे.

साधी ट्यूब इथे का चालत नाही? कारण ती फुगते, फुगतच राहते, आणि साच्याच्या फटीतून बाहेर येऊन फुटते. आगीच्या होजला बाहेरून विणलेलं जाकीट असतं, ते ताणच घेत नाही. ही कल्पना ॲमस्टरडॅमच्या यान व्हान डेर हायडेनपासूनची. माणूस पेशाने चित्रकार. १६७०च्या दशकात त्याने चामड्याचे होज केले, ५० फुटांचे तुकडे आणि मध्ये पितळी जोड. रबराला गंधक देऊन टिकाऊ करायचं चार्ल्स गुडइयरचं पेटंट १८४४चं. १८७०मध्ये ॲक्रनला गुडरिचचा कारखाना निघाला, तो सुती विणीचे, आतून रबर लावलेले होज बनवू लागला. शेडमधल्या साच्यात पडलेला तो याच होजचा वंशज.

होज मिळाला, पण खरी गोम नेहमी जोडात असते.

७ फेब्रुवारी १९०४, रविवार. बाल्टिमोरमध्ये सकाळी आग लागली. वॉशिंग्टनहून बंब रेल्वेवर चढवून आणले, काही तासांत पोचलेसुद्धा. नंतर फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क. माणसं आली, बंब आले, होज आले. नळाला लावायला गेले तर आटे जुळेनात! प्रत्येक शहराचे आटे वेगळे. लोकांनी जोडावर कापडं गुंडाळून पाहिली, पाणी बाजूनेच उडत राहिलं. तीसेक तासांत १५००हून जास्त इमारती गेल्या. नंतर मोजलं तेव्हा देशात होजच्या जोडांचे सहाशेच्या वर प्रकार निघाले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय मानक ठरलं, अडीच इंची होजला इंचात साडेसात आटे. पण आधीचे नळ कोण उखडून काढणार? २००४मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, पाहणी झाली तेव्हा ४८ मोठ्या शहरांपैकी फक्त १८ शहरांनी ते मानक लावलेलं होतं. जुना कोड बदलायला कोणी हात लावत नाही म्हणून आपण उगाच क्लायंटला शिव्या घालतो :-)

उलट उदाहरण टायरच्या वॉल्व्हचं. ऑगस्ट श्राडर हा न्यूयॉर्कचा जर्मन कारागीर, रबराच्या वस्तूंना पितळी जोड करून द्यायचा. पाणबुड्यांच्या सामानाचंही काम केलं त्याने. त्याच्या कंपनीच्या वॉल्व्हचं पेटंट १८९३चं. वरचे आटे इंचाला ३२. आज कार, बाईक, ट्रक सगळीकडे तोच. (आपल्या साध्या सायकलीचा वाल-ट्यूबवाला वेगळा, ते असो.) त्यामुळे शेडमधल्या माणसाला हवेच्या बाजूने काहीही बनवावं लागत नाही. नट आणि रबरी वायसरवाला पितळी वॉल्व्ह टायरच्या दुकानात मिळतो. होजला भोक पाडायचं, आतून तो घालायचा, बाहेरून नट आवळायचा. पंप कुठलाही बसतो. घरचं काम उरतं ते टोकं बंद करायचं. होजचं टोक चपटं करून दोन लोखंडी पट्ट्यांत धरायचं आणि बोल्ट मारायचे. बोल्टची भोकं होजमधून गेली तरी चालतात, फक्त पट्टीची आतली कड त्यांच्या पुढे असली पाहिजे, म्हणजे हवा भोकापर्यंत पोचतच नाही.

टायरच्या वॉल्व्हऐवजी कॉम्प्रेसरचं पक्कं फिटिंग लावायचं ठरवलं, की मात्र आपण परत बाल्टिमोरला येतो. अमेरिकन पाइपचे आटे ६० अंशांचे, आपल्याकडे चालणारे ब्रिटिश ५५चे, व्हिटवर्थच्या १८४१च्या आट्यांवरून आलेले. पाव इंची पाइपला त्यांचे इंचात १८, आपले १९. दोनेक फेऱ्या बसतात, मग अडतं, तेव्हा निदान कळतं तरी. अर्धा इंचीत दोन्हीकडे १४च! छान फिरत जातं, बसल्यासारखं वाटतं आणि कोनातल्या पाच अंशांच्या फरकातून हवा सुटत राहते. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा. इपॉक्सी लावून साचा पेटीत गेल्यावर काटा हळूहळू खाली येऊ लागला तर त्या धनुष्याचं काही खरं नाही.

म्हणून गोंदाचा डबा उघडायच्या आधी होज नुसत्या कोऱ्या पट्ट्यांवर फुगवून रात्रभर ठेवतात, आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात. आपला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला वॉल्व्हवर थुंकी लावून बघतो, तेच.