पंधरा वर्षांची वस्ती

पोलीस भरती जाहीर झाली की जालन्यात पहाटेच रस्ते जागे होतात. मंठा रोडला, अंबड रोडला खेड्यापाड्यांतून आलेली मुले अंधारात धावताना दिसतात. धावणे, गोळाफेक, लेखी परीक्षा हे सारे खरेच. पण या मुलांच्या पिशवीत एक कागदही असावा लागतो. अधिवासाचा दाखला, म्हणजे ज्याला आपण सगळे 'डोमिसाईल' म्हणतो तो. हा दाखला मिळवायचा तर साधारणपणे राज्यात 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते.

15 वर्षे हा आकडा मराठवाड्याला नवा नाही. आजचा दाखला जुन्या नियमातूनच आला असे मी म्हणत नाही. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी, निजामाच्या राज्यात, सरकारी नोकरीच्या दारावर हाच आकडा उभा होता. त्या नियमाला 'मुल्की' नियम म्हणत. आपल्याकडे 'मुलकी' म्हटले की महसुलाचे काम, मुलकी पाटील वगैरे आठवते. इथे अर्थ निराळा आहे. मुल्की म्हणजे मुलखातला, या भूमीचा. बाहेरचा तो गैरमुल्की.

भांडण सुरू झाले ते पहिल्या सालारजंगाच्या काळात. 1853 ते 1883 अशी तीस वर्षे ते दिवाण होते. त्यांनी जिल्हे पाडले, महसूल, न्याय आणि पोलीस ही खाती नव्या धर्तीवर उभी केली. त्यासाठी शिकलेली माणसे हवी होती. ती आली उत्तर हिंदुस्थानातून, ब्रिटिश अमलात कारभाराचा अनुभव घेतलेली. माणसे कर्तबगार होती यात शंका नाही, पण मोठ्या जागा त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्यामागून त्यांचे आप्तही आले. हैदराबादच्या जुन्या घराण्यांना ते खुपू लागले. ओरड वाढत गेली आणि अखेर सातव्या निजामाच्या कारकिर्दीत, 1919 मध्ये, मुल्कीचा नियम पक्का झाला. गैरमुल्कीला खास मंजुरीवाचून नोकरी नाही. ही अट वरच्या जागांना होती तशीच शिपायाच्या जागेलाही होती.

मग मुल्की कोण? जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला. ज्याच्या जन्माच्या वेळी वडिलांची सरकारी नोकरी 15 वर्षे झाली होती तो. मुल्की माणसाची बायको. आणि बाहेरून येऊन 15 वर्षे राहिलेला. पण त्याला परत मूळ गावी जाण्याचा विचार सोडून दिल्याचे मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञेवर सांगावे लागे. ही शेवटची अट मला फार बोलकी वाटते. नुसते पाय इथे असून चालत नव्हते, मनही इथे असल्याचे सरकारला लिहून द्यायचे.

आता जालन्याच्या एखाद्या मराठी शेतकऱ्याच्या पोराला याचा फायदा किती झाला असेल? जन्माने तो पक्का मुल्की. पण कारभाराची भाषा उर्दू. ठाण्यातला अमीन उर्दूत लिही, जिल्ह्याचा मोहतमिम उर्दूत वाची. ज्याच्या गावात उर्दूची शाळाच नाही, त्याला मुल्कीपणाचा दाखला मिळाला तरी त्याने करायचे काय? हैदराबाद शहरातल्या घराण्यांनी 'हैदराबाद हैदराबादकरांसाठी' म्हटले, 1935 मध्ये मुल्की लीग काढली. त्या घोषणेत मराठवाड्याचे खेडे फारसे नव्हते.

पोलिसांत आणखी एक भिंत होती. हैदराबाद शहराचे पोलीस वेगळे, जिल्ह्यांचे वेगळे. दोघांचे कायदेही वेगळे. शहराचा प्रमुख तो कोतवाल. व्यंकटराम रेड्डी हे 1920 पासून 1934 पर्यंत त्या जागेवर होते आणि त्यांचा दबदबा मोठा होता. आपल्या गावचा कोतवाल म्हणजे दवंडी पिटणारा, निरोप पोचवणारा. एकाच शब्दाचे असे दोन टोकांचे नशीब क्वचितच पाहायला मिळते.

सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामी राजवट संपली. लष्करी प्रशासन आले, जुने अधिकारी काही गेले, काही घालवले गेले, आणि शेजारच्या प्रांतांतून नवे आणले गेले. गरज होतीच. पण बाहेरचे अधिकारी आले की त्यांच्यामागून बाहेरचे कारकूनही येतात, हा अनुभव हैदराबादला सालारजंगाच्या वेळेपासून होता. खोटे मुल्की दाखले विकले जातात अशी तक्रार सुरू झाली. 1952 मध्ये वरंगळमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, लोण राजधानीत पोचले, आणि सप्टेंबरच्या 3 व 4 तारखेला हैदराबादमध्ये पोलिसांनी गोळीबार केला. त्यात माणसे मेली. मुल्की कोण हे ठरवणारा एक कागद असा रक्ताने भिजला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा हैदराबादमधून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. इथून आपली आणि तेलंगणाची वाट वेगळी झाली. राज्यघटनेच्या 16 व्या कलमानुसार नोकरीसाठी वास्तव्याची अट घालायची तर ती संसदेनेच घालावी लागते. संसदेने 1957 मध्ये कायदा करून अशा जुन्या अटी काढल्या आणि तेलंगणासारख्या काही भागांपुरती सवलत ठेवली. मराठवाड्याला ती नव्हती. आपण 1953 च्या नागपूर करारावर विसंबून होतो. त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्यांचे आश्वासन होते. पुढे 371 व्या कलमात 'पुरेशी संधी' एवढेच शब्द उरले. प्रमाण गेले, संधी राहिली. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात तरुण रस्त्यावर आले, त्यामागे नोकऱ्यांचा हा सलही होता.

तेलंगणात मात्र मुल्कीचे भूत पोलिसांच्याच अंगात राहिले. 1969 चे आंदोलन, मग न्यायालये, मग 1975 चा राष्ट्रपतींचा आदेश. या आदेशाने राज्याचे विभाग पाडले आणि स्थानिकांना जागा राखल्या. पण त्याच्या 14 (फ) या कलमात हैदराबाद शहर पोलिसांना वगळले होते, आणि पोलीस अधिकारी कोण हे सांगायला आधार घेतला होता 1348 फसलीच्या निजामी कायद्याचा! ऑक्टोबर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून निकाल दिला की शहर पोलीस हे मोकळे क्षेत्र आहे; कोणत्याही विभागातला माणूस तिथे येऊ शकतो. तेलंगणात संताप उसळला. 29 नोव्हेंबरला के. चंद्रशेखर राव यांचे उपोषण सुरू झाले, आणि 2014 मध्ये वेगळे राज्य झाले. त्याला कारणे पुष्कळ होती, पण तेव्हाची ठिणगी शहर पोलिसांच्या जागांची होती.

आपल्याकडे भांडण इतके पेटले नाही. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरती होतो तो जिल्ह्याच्या आस्थापनेवर. कायद्याने त्याला राज्यात कुठेही कामाला लावता येते. मात्र त्याची ज्येष्ठता जिल्ह्याची. 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतून परतूर काढून जालना जिल्हा झाला, तेव्हा नवे अधीक्षक आले तशी नवी ज्येष्ठता यादीही आली.

मुंबईत किंवा ठाण्यात भरती झालेल्या आपल्याकडच्या पोराला विचारा. घरी म्हातारे आईवडील, शेती वाट्याने दिलेली. त्याला जालन्याला यायचे असते. स्वतःच्या विनंतीवरून जिल्हा बदलला की नव्या जिल्ह्याच्या यादीत तो सर्वांत खाली बसतो. बारा वर्षांची नोकरी झालेला शिपाई, कालच्या पोराच्या मागे. पगार तोच राहतो, पण हवालदार होण्याची फीत लांबते. आपल्या जालन्यातच राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 3 आहे. तिथल्या जवानांचेही डोळे जिल्हा पोलिसांकडे लागलेले असतात, कारण बंदोबस्तासाठी सारखे गावोगाव हिंडणे संपावे ही इच्छा. ठराविक वर्षे सेवा झाल्यावर त्यांना तशी बदली मागता येते, पण रांग लांब असते.

एका पदाला मात्र वस्तीची अट आजही सरळ लागू आहे. पोलीस पाटील त्याच गावचा रहिवासी लागतो. त्याची जिल्ह्याबाहेर बदली होत नाही, ज्येष्ठता यादीत तो खाली जात नाही. मानधन थोडके. रात्री अपरात्री बांधावरचे भांडण असो की विहिरीत सापडलेले प्रेत, ठाण्याला पहिला फोन त्याचाच जातो, आणि पंचनाम्याला सकाळी साहेब येईपर्यंत तिथे उभा राहतो तोही तोच.