परवलीचा शब्द, संगणकातील

परवलीचा शब्द, संगणकातील : संगणक वापरू इच्छिणाऱ्या व्यक्तीची ओळख पटविण्यासाठी तिच्याकडून मागितला जाणारा गुप्त शब्द. व्यवहारात यास पासवर्ड म्हणतात. पहारेकऱ्याला परवल स्वतःलाही ठाऊक असावी लागते. ही जुनी उणीव संगणकातही आली आणि ती दूर होण्यास काही वर्षे लागली.

एका संगणकावर अनेकांना काम करू देणारी सीटीएसएस ही कालविभाजन प्रणाली अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत फर्नांदो कॉर्बाटो (१९२६–२०१९) यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली व १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आली. प्रत्येकाच्या फाइली खाजगी राहाव्यात म्हणून तीत परवलीचे शब्द योजले गेले. मात्र ते सर्व एकाच फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास वाट्याचा संगणककाल अपुरा पडे. त्याने १९६२ मध्ये छिद्रित पत्राद्वारे ती फाइल छापण्याची आज्ञा दिली आणि सर्वांचे शब्द त्याच्या हाती आले. पुढे १९६५-६६ च्या सुमारास दोन व्यवस्थापकांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल होऊन, प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे दैनिक सूचनेऐवजी हीच यादी उमटली. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, हे विशेष.

केंब्रिज विद्यापीठातील रॉजर नीडॅम (१९३५–२००३) यांनी यावर उपाय सुचविला : शब्द न साठविता त्यावर एकदिश फलनाची क्रिया करून मिळणारे रूप साठवावे. या रूपावरून मूळ शब्द उलगडता येत नाही. टंकलिखित शब्दावर तीच क्रिया करून दोन्ही रूपे जुळतात की नाही, एवढेच पाहावयाचे. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीसंबंधीच्या १९७९ मधील लेखात यापुढील अडचण मांडली. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी सु. ८६ टक्के शब्द आखूड वा शब्दकोशातील असल्याने अंदाजाने सापडण्याजोगे होते. म्हणून त्यांनी क्रिया मुद्दाम मंद केली आणि प्रत्येक शब्दात १२ द्विमान अंकांची यदृच्छ भर घातली. या भरीस ‘सॉल्ट’ म्हणजे मीठ असे नाव आहे. तिच्यामुळे दोघांचा शब्द एकच असला, तरी साठविलेली रूपे सहसा भिन्न होतात.

पायथन ही भाषा नव्याने शिकणारा विद्यार्थी प्रवेशाची पहिली आज्ञावली लिहितो, तेव्हा तो बहुधा नाव व शब्द एका साध्या फाइलीत लिहून ठेवतो. म्हणजे नकळत १९६० च्या दशकातील ती फाइलच पुन्हा निर्माण करतो. आज्ञावली लहान असली तरी धोका लहान नसतो, कारण तीच परवल वापरणाऱ्याने आपल्या पत्रव्यवहारासाठी वा बँकेसाठीही ठेवलेली असू शकते. रॉकयू या अमेरिकन कंपनीकडून २००९ मध्ये सु. ३·२ कोटी शब्द साध्या रूपात बाहेर पडले, त्यामागेही हीच चूक होती. पायथनच्या ‘हॅशलिब’ या विभागात मंद एकदिश क्रिया, ‘सीक्रेट्स’मध्ये यदृच्छ भर आणि ‘गेटपास’मध्ये शब्द पडद्यावर न उमटविता घेण्याची सोय आहे. फाइलीत नाव, भर व रूप या तीनच गोष्टी राहतात. अशा रचनेत विसरलेला शब्द व्यवस्थापकासही सांगता येत नाही. नवा ठरवावा लागतो.