साखळी की पट्टा?

शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागांना आता पंपाचे पाणी मिळते. पण ज्यांनी मोट चालताना पाहिली आहे, त्यांना तिचे दोन दोर आठवत असतील. जाड नाडा मोटेचा भार ओढी आणि बारीक सोंदूर तिची सोंड धरून ठेवी. दोहोंच्या लांबीचा मेळ असा की, मोट वर येताच सोंड नेमकी थारोळ्यात उघडावी. मेळ चुकला की पाणी पुन्हा विहिरीत! मोटारीच्या इंजिनाचा कारभारही अशाच मेळावर चालतो.

इंजिनात दट्ट्या खालीवर होतो आणि झडपा उघडतात, मिटतात. दट्ट्यांच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे दोन फेरे झाले, की झडपा उघडणाऱ्या दांड्याचा एकच फेरा व्हावा, हा हिशेब. तो सांभाळण्याचे काम अनेक इंजिनांत साखळीकडे असे. हान्स रेनॉल्ड या स्विस गृहस्थाने मँचेस्टरला १८८० साली आपली रोलर साखळी तयार केली. तिच्या कुळातल्या साखळ्या सायकलीत आणि मोटारीतही शिरल्या. वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली. पुढे तीच ‘पद्मिनी’ झाली. तिच्याही पोटात आखूड साखळीच होती.

पुढे झडपांचा दांडा इंजिनाच्या माथ्यावर गेला. साखळी लांबली, महाग झाली, आवाज करू लागली. तेव्हा मदतीला आला दातेरी रबरी पट्टा. मौज अशी की, अमेरिकेत १९४० च्या दशकात तो निघाला होता शिवणयंत्रासाठी! जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपल्या छोट्या मोटारीत तो बसवला. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ने तो आपल्या घरोघर नेला. हलका, स्वस्त, मुका आणि तेलाची गरज नसलेला!

पण हा मुकेपणाच घातक. साखळी झिजून सैल झाली, की बहुधा खडखडून सांगते. पट्टा पुष्कळदा न सांगताच तुटतो. मग उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्ट्या आदळून त्या वाकतात. सगळ्याच इंजिनांत असे होत नाही, पण पुष्कळांत होते. आणि पाचपन्नास रुपयांत भागणारे ते दुखणे नव्हे.

म्हणूनच की काय, साखळी परत आली. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला बनलेल्या फियाटच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळीच होती. मारुतीच्या के-मालिकेतल्या इंजिनांतही साखळीच. मात्र तीही अमर नव्हे. तिचा ताण बहुधा तेलाच्या दाबावर राखलेला असतो. तेल काळेकुट्ट होईपर्यंत गाडी हाकणाऱ्याला तीही दगा देते.

आंबिया बहराची संत्री उतरू लागली, की वर्षभर पडवीत उभी असलेली गाडी बाहेर निघते. ‘फार चाललीच नाही,’ असे धनी म्हणतो. पण रबर केवळ मैलांनी जुने होत नाही. वर्षांनी आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यांनीही होते. म्हणून पट्ट्याची गाडी असेल, तर पुस्तिकेतले किलोमीटर पाहावेत आणि वर्षेही मोजावीत. जुनी गाडी घेताना तर पहिला प्रश्न हाच विचारावा: पट्टा कधी बदलला?

सोंदूर विरला, की मोटकरी तो बदलूनच मोट हाके. त्या शहाणपणाला कोणतीही पुस्तिका लागत नव्हती.